निकाल हातात घेऊन पुढच्या वर्षी अर्ज: ब्रिटनमधील विद्यापीठ प्रवेशासाठी हा मार्ग योग्य आहे का?

टाचण (धागालेखिका, चर्चाप्रस्ताव)

इंग्लंडमध्ये ए लेव्हलच्या, म्हणजे शाळेअखेरच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाचा अर्ज निकालाच्या कितीतरी महिने आधी करावा लागतो. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक वैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी युकासची (विद्यापीठांचे अर्ज एकत्र स्वीकारणाऱ्या संस्थेची) मुदत 15 ऑक्टोबरला संपते आणि इतर बहुतेक अभ्यासक्रमांसाठी ती जानेवारीत संपते. परीक्षा मात्र त्यानंतर मे-जूनमध्ये होते आणि निकाल ऑगस्टच्या मध्यावर लागतो. म्हणजे विद्यापीठ ज्या श्रेणींवर विसंबून सशर्त ऑफर देते, त्या विद्यार्थ्याने मिळवलेल्या नसतात, शाळेने वर्तवलेल्या असतात. माझे म्हणणे असे आहे, की ज्याचा निकाल या अंदाजापेक्षा बराच वर गेला, किंवा कोणता विषय शिकायचा हेच ज्याला सतराव्या वर्षी ठरवता आले नव्हते, त्याने ऑगस्टच्या घाईत मिळेल ती जागा धरण्यापेक्षा एक वर्ष थांबावे आणि निकाल हातात घेऊन नव्याने अर्ज करावा.

शिक्षणाच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासक गिल वायनेस यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 2013 ते 2015 या वर्षांतल्या अर्जदारांचे वर्तवलेले आणि प्रत्यक्ष निकाल ताडून पाहिले होते. सर्वोत्तम तीन ए लेव्हल विषय धरले तर फक्त 16 टक्के अर्जदारांचा अंदाज तंतोतंत बरोबर निघाला आणि 75 टक्क्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा चढा होता. बहुसंख्य मुलांना या पद्धतीचा फायदाच होतो, हे यावरून स्पष्ट आहे. मला काळजी वाटते ती उरलेल्यांची. त्याच अभ्यासानुसार हुशार पण कमी उत्पन्नाच्या घरांतल्या अर्जदारांपैकी जवळजवळ चौघांत एकाला शाळेने कमी लेखले होते. सधन घरांतल्या तितक्याच हुशार मुलांमध्ये हे प्रमाण पाचांत एक असे होते.

हे लिहिण्याचे तात्कालिक कारण माझी पुतणी आहे. पहिल्या वर्षाच्या अखेरीस झालेल्या अंतर्गत परीक्षेच्या आठवड्यात ती आजारी होती, आणि त्या एका परीक्षेच्या आधारे शाळेने तिला एक ए आणि दोन बी वर्तवले. तिने पाचही पर्याय त्या श्रेणींना झेपतील असेच निवडले. ऑगस्टमध्ये तिला एक ए स्टार (ही सर्वांत वरची श्रेणी) आणि दोन ए मिळाले. पूर्वी अशा मुलांसाठी ‘अ‍ॅडजस्टमेंट’ नावाची सोय होती: मिळालेली जागा न सोडता थोडे दिवस वरच्या अभ्यासक्रमाचा शोध घेता येई. युकासने ती 2022 मध्ये बंद केली. आता हातातली जागा नाकारूनच क्लिअरिंगमध्ये, म्हणजे उरलेल्या जागांच्या फेरीत, उतरावे लागते आणि सर्वाधिक मागणी असलेले अभ्यासक्रम तिथे क्वचितच दिसतात.

पुढच्या वर्षी हीच मुलगी अर्ज करील तेव्हा अंदाजाचा रकानाच उरणार नाही. तिच्या श्रेणी अभ्यासक्रमाच्या अटीत बसत असतील तर मिळणारी ऑफर बिनशर्त असेल आणि पुढचा उन्हाळा धास्तीत जाणार नाही. शिवाय 2026 च्या प्रवेशापासून अर्जासोबतच्या जुन्या सलग वैयक्तिक निवेदनाऐवजी एकूण 4,000 अक्षरांत तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात आणि त्यातला तिसरा प्रश्न शिक्षणाबाहेर केलेल्या तयारीविषयी आहे. सतरा वर्षांच्या मुलाला तिथे शाळेतल्या स्पर्धा आणि चार दिवसांची निरीक्षणभेट यांवर भागवावे लागते. एखाद्या प्रयोगशाळेत किंवा वृद्धाश्रमात सहा महिने काम केलेल्या मुलीकडे सांगण्यासारखे खरोखर काहीतरी असते. आपल्या घरांमध्ये ‘वर्ष वाया गेले’ असे म्हणून अशा निर्णयाला जो विरोध होतो, तो मला अन्यायाचा वाटतो.

गणितमास्तर

आपल्या पुतणीचे अभिनंदन. तरीही प्रस्तावाशी मी सहमत नाही. मी अनेक वर्षे ए लेव्हलला गणित शिकवतो आणि माझा पहिला आक्षेप विषयातूनच येतो. गणित, भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकी यांत जूनमध्ये परीक्षा दिलेला मुलगा पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पहिल्या व्याख्यानाला बसतो तेव्हा त्याच्या हाताची सवय गेलेली असते. संकल्पना आठवतात, पण खंडशः समाकलन करताना जिथे पूर्वी लेखणी थांबत नसे तिथे ती प्रत्येक ओळीला थांबते. पहिल्या सत्राचा वेग अशा मुलासाठी कमी केला जात नाही.

दुसरे असे, की ‘निकाल माहीत आहे’ हे विधान सर्वांना सारखे लागू पडत नाही. केंब्रिजच्या गणिताची ऑफर स्टेप या गणिताच्या वेगळ्या परीक्षेवर अवलंबून असते आणि ती परीक्षा जूनमध्ये होते, त्यामुळे तिथे ए लेव्हलचे तीन ए स्टार हातात असलेल्या मुलालाही पुन्हा सशर्त ऑफरच मिळू शकते. एखादा विषय सुधारायचा असेल तर ए लेव्हलची फेरपरीक्षाही पुढच्या उन्हाळ्यातच देता येते, म्हणजे अंदाजाचा तोच रकाना परत भरावा लागतो.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मात्र वेगळा आहे. सशर्त ऑफर असलेल्या मुलाची एक श्रेणी ऑगस्टमध्ये घसरली तरी विद्यापीठाला जागा भरायच्या असतात आणि पुष्कळदा त्याला घेतले जाते. तोच मुलगा वर्षभराने तीच घसरलेली श्रेणी अर्जात लिहून आला, तर त्याचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला पडण्याची शक्यता मोठी असते, कारण ज्याच्याकडून आशा करता येईल असे त्या अर्जात काही उरलेले नसते. आपणच दिलेला 75 टक्क्यांचा आकडा पाहा. चारांतल्या तिघांसाठी अनिश्चितता हेच संरक्षण आहे आणि एक वर्ष थांबल्याने ते संरक्षण जाते.

टाचण

हा आक्षेप वजनदार आहे, पण ज्यांचा निकाल अंदाजापेक्षा खाली गेला त्यांना थांबण्याचा सल्ला मी दिलेलाच नाही. माझा प्रस्ताव वर गेलेल्यांसाठी आणि विषयाबद्दल मन न ठरलेल्यांसाठी आहे. गणिताच्या सरावात पडणाऱ्या खंडाबद्दल आपण म्हणता ते त्या विषयाच्या मुलांनी मनावर घ्यावे. पण इतिहास, कायदा, मानसशास्त्र किंवा जीवशास्त्र शिकू पाहणाऱ्या मुलीची लेखणी वर्षभर वाचन चालू ठेवल्यास थांबण्याचे कारण मला दिसत नाही.

पारिजात

वैद्यकीय प्रवेशाच्या बाबतीत मी धागालेखिकेच्या बाजूने आहे. युकॅट ही प्रवेशपरीक्षा उन्हाळ्यात आणि सप्टेंबरमध्ये होते, एका प्रवेशचक्रात एकदाच देता येते आणि तिचे गुण केवळ त्याच चक्रापुरते ग्राह्य असतात. ए लेव्हलच्या दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर ही तयारी करणे आणि ए लेव्हल झाल्यावर मोकळ्या डोक्याने करणे, यांत फार फरक आहे. शिवाय ऑक्टोबरमध्ये अर्ज भरताना ए लेव्हल आणि युकॅट या दोन्हींचे आकडे समोर असल्याने वैद्यकीय शाखेसाठी मिळणारे चारच पर्याय कुठे खर्च करायचे, हे डोळसपणे ठरवता येते. मुलाखत अर्थातच राहते.

नदीकाठ

या चर्चेत एक गोष्ट मला फार खटकते आणि ती मी स्पष्टपणे मांडते. हुशार मुलांपैकी कमी उत्पन्नाच्या घरांतल्यांना शाळा अधिक प्रमाणात कमी लेखते, असे प्रस्तावातच म्हटले आहे. आणि उपाय म्हणून त्यांना जे सुचवले आहे ते त्याच घरांना सर्वांत महाग पडणारे आहे. एक वर्ष थांबणे म्हणजे एक वर्ष कुणीतरी पोसणे. ज्या घरात अठरा वर्षांच्या मुलाला वेगळी खोली आहे, आईवडिलांच्या ओळखीने प्रयोगशाळेत बिनपगारी काम मिळू शकते आणि निवेदन वाचून दुरुस्त करणारे कुणी आहे, तिथे हे वर्ष कारणी लागेल. पण ज्या घरात मुलगा कमावता झाला की त्याच्या पगारातून भाडे भरले जाऊ लागते, तिथे पुढच्या सप्टेंबरमध्ये तो पगार सोडून विद्यापीठात जाणे घराला परवडेलच असे नाही. वर्षभरासाठी थांबलेली मुले कायमची थांबतात ती अशी. शाळा सुटली की शिफारसपत्रासाठी जुन्या शिक्षकांच्या मागे लागावे लागते, मुदतींची आठवण करून देणारे रोज भेटत नाही, आणि ज्यांच्या घरात आधी कुणी विद्यापीठात गेलेले नाही त्यांना हे सगळे एकट्याने निभावावे लागते.

धोरणेही मधल्या वर्षात बदलतात. इंग्लंडमध्ये 2011 साली सुरुवात करणाऱ्याचे वार्षिक शुल्क जास्तीत जास्त 3,375 पौंड होते, तर 2012 साली सुरुवात करणाऱ्याचे 9,000 पौंडांपर्यंत गेले. अलीकडचेच सांगायचे तर ऑगस्ट 2023 पासून अभ्यासक्रम सुरू करणाऱ्यांच्या शैक्षणिक कर्जाची मुदत 30 वर्षांवरून 40 वर्षांवर नेली गेली आणि परतफेड सुरू होण्याची उत्पन्नमर्यादा 25,000 पौंडांवर आणली गेली. त्या आधीच्या वर्षी थांबलेल्या मुलाने आणखी 10 वर्षांचे कर्ज पत्करले, आणि थांबताना हे त्याच्या हिशेबात असण्याची शक्यता फारच कमी होती.

टाचण

नदीकाठ, खर्चाचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो. पण त्यावरून थांबणेच चूक ठरते, असे मला वाटत नाही. अशा मुलांना थांबण्यासाठी आधार हवा, असे ठरते. त्या वर्षात पगारी काम करणे हाही शिक्षणाबाहेरचा अनुभवच आहे आणि दुकानात किंवा गोदामात केलेल्या कामाबद्दल जबाबदारीने लिहिलेले उत्तर बिनपगारी निरीक्षणभेटीपेक्षा कमी ठरू नये. ज्या शाळा जुन्या विद्यार्थ्यांना आपल्या युकास केंद्राशी जोडून घेतात आणि त्यांचे शिफारसपत्र वेळेवर पाठवतात, त्या हे अंतर बरेच भरून काढतात. प्रत्येक शाळेने ते करावे, ही मागणी आपण पालकांनी लावून धरायला हवी.

दुसरी बाजू

दोन्हीकडचे वाचले. मला वाटते, एका व्यवस्थेतल्या दोषाची किंमत एकेका मुलाने आपल्या आयुष्यातले वर्ष देऊन का भरावी, हा प्रश्न आधी विचारायला हवा. निकालानंतरच अर्ज घ्यावेत, ही सूचना नवी नाही. न्याय्य प्रवेशांविषयीच्या 2004 च्या श्वार्ट्झ अहवालाने ती केली होती. युकासच्या स्वतःच्या फेरआढाव्यात ती पुन्हा पुढे आली आणि 2012 मध्ये बाजूला पडली. 2021 मध्ये सरकारने त्यावर सार्वजनिक सल्लामसलत केली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये बदल न करण्याचा निर्णय जाहीर केला. प्रत्येक वेळी अडचण वेळापत्रकाची सांगितली गेली: ऑगस्टमध्ये निकाल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वर्ग, तर मुलाखती आणि छाननी करायची कधी? ही अडचण खोटी नाही. पण स्कॉटलंडमध्ये पुष्कळ विद्यार्थी माध्यमिक शाळेच्या पाचव्या वर्षी हायर ही विद्यापीठ प्रवेशासाठीची परीक्षा देतात, तिचा निकाल ऑगस्टमध्ये घेतात आणि सहाव्या वर्षी शाळेत राहूनच अर्ज करतात. त्यांच्या अर्जात मिळवलेल्या श्रेणी असतात आणि वर्षही जात नाही. त्याच बेटावर, त्याच युकासमधून हे चालते.

गणितमास्तर

स्कॉटलंडचे उदाहरण चांगले आहे, परंतु ते जसेच्या तसे इंग्लंडला लावता येणार नाही. तिथली ऑनर्स पदवी साधारणपणे चार वर्षांची असते आणि म्हणून विद्यापीठाला हायरच्या पातळीवर विद्यार्थी घेणे परवडते. इंग्लंडची तीन वर्षांची पदवी ए लेव्हलचा पूर्ण अभ्यासक्रम झाला आहे असे धरून चालते. निकाल आधी हवा असेल तर कुठेतरी एक वर्ष जास्त लागतेच. स्कॉटलंडने ते पदवीत घातले आहे आणि टाचण यांच्या प्रस्तावात ते मुलाच्या वाट्याला, शाळा आणि विद्यापीठ यांच्या मधल्या मोकळ्या जागेत येते, जिथे त्याला शिकवणारे कुणीच नसते. माझा विरोध नेमका या मोकळ्या जागेला आहे.

नदीकाठ

मास्तरांच्या या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे आणि म्हणून पुतणीच्या बाबतीत एक ठोस गोष्ट सुचवते. तिच्या हातात आज एक निश्चित जागा आहे. ती नाकारण्याआधी तिने त्या विद्यापीठाला लिहून विचारावे, की हीच जागा पुढच्या वर्षासाठी राखता येईल का. निकालानंतर असे करून देणे विद्यापीठाच्या मर्जीवर असते, तरी विचारल्याने काही जात नाही. होकार मिळाला तर हे वर्ष घेऊनही तिच्या हातात काहीतरी राहील. त्या काळात वरच्या अभ्यासक्रमांसाठी नवा अर्ज करता येईल का आणि त्यासाठी राखलेली जागा केव्हा सोडावी लागेल, हेही तिने त्याच पत्रात विचारून घ्यावे, कारण अशी जागा धरून ठेवून दुसरीकडे अर्ज करणे सहसा चालत नाही. नकार आला तर घरखर्च, काम आणि शिफारसपत्र या तिन्हींची व्यवस्था आधी कागदावर मांडावी. हे होईपर्यंत युकासच्या पानावरचे जागा नाकारण्याचे बटण तिने दाबू नये, कारण ते दाबल्यावर निर्णय मागे घेता येत नाही.

टाचण

विद्यापीठाला कालच लिहिले आहे. उत्तर आले की इथे कळवीन. 15 ऑक्टोबरच्या मुदतीतले अभ्यासक्रम तिच्या यादीत नाहीत, त्यामुळे जानेवारीपर्यंत विचार करायला वेळ आहे. शिफारसपत्रासाठी रसायनशास्त्राच्या बाईंनी होकार दिला आहे.