स्क्रीन रीडरवर नुसतं 'बटन, बटन, बटन' ऐकू येतंय, काय करू?

अर्धवटडेव्ह:
एका संस्थेसाठी नावनोंदणीचा फॉर्म बनवलाय. काल एका अंध युजरचा मेल आला की फॉर्म भरताच येत नाहीये, म्हणून एनव्हीडीए हा पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर टाकून बघितलं (फुकट आहे, आधीच टाकायला हवं होतं) तर खरंच, आयकॉन आहेत तिथे सगळीकडे नुसतं "बटन, बटन" आणि सबमिट तर टॅबने सापडतच नाही. ते मी बटन टॅगऐवजी डिव्हवर (साध्या चौकटीच्या टॅगवर) क्लिक लावून केलंय. आता त्याला रोल, टॅबइंडेक्स वगैरे (हे बटन आहे, टॅबने इथे थांब असं सांगणारं) लावत बसू का ते एका ओळीची स्क्रिप्ट टाकली की सगळं ठीक करतो म्हणणारं विजेट घेऊ? बॉसला विजेट हवंय.

टॅबटॅब:
डिव्ह काढ, सरळ बटन टॅग वापर. डिव्हला रोल दिलास तरी एंटर आणि स्पेस दोन्हीचा कोड तुलाच लिहावा लागणार, बटन टॅगमध्ये ते आयतं मिळतं. एरिया-लेबल (स्क्रीन रीडर वाचून दाखवतो ते नाव) फक्त आयकॉनवाल्या बटनांना दे, "फोटो काढून टाका" असं नीट. आणि सीएसएसमध्ये आउटलाइन नन (फोकसभोवतीची चौकट लपवणारं) लिहिलं असशील तर आधी ते उडव, कीबोर्डवाल्याला आपण कुठे आहोत तेच दिसत नाही. (मीही लिहायचो, छान दिसतं म्हणून.)

कानानेवाचतो:
मी रोज स्क्रीन रीडरच वापरतो, विजेट नको रे बाबा. माझा स्पीड, माझे शॉर्टकट माझ्याकडे सेट आहेत, त्यात ते मध्येच घुसतं आणि तुझा आयकॉन कशासाठी आहे हे त्याला तरी काय कळणार.
त्यापेक्षा एरर मेसेज बघ. मागे एका साइटवर सबमिट दाबलं, काहीच ऐकू आलं नाही, परत दाबलं, चारदा दाबलं, शेवटी भावाला बोलावलं तर म्हणतो अरे फोन नंबरचा चौकोन लाल झालाय! चूक काय ते शब्दांत लिही, त्या फील्डला एरिया-डिस्क्राइबडबायने जोड आणि सबमिट फसलं की फोकस पहिल्या चुकलेल्या फील्डवर ने. लेबलच्या जागी प्लेसहोल्डर (चौकोनातला फिकट मजकूर) टाकून भागवू नकोस.

जाडचष्मा:
फिकट राखाडी अक्षरं पण बघून घे. साध्या मजकुराला कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागच्या रंगातला फरक) किमान ४.५:१ लागतो, मोठ्या अक्षरांना ३:१. आणि २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणूनचे निकष) बटनांसारख्या गोष्टींना किमान २४ बाय २४ पिक्सेल मागितलेत, काही अपवाद सोडून. हात थरथरणाऱ्याला ती बारकी फुली दाबता येत नाही.

अर्धवटडेव्ह:
सबमिट बदललं, पाच मिनिटांचं काम निघालं. मग मॉनिटर बंद करून पूर्ण फॉर्म भरायला बसलो तर जन्मतारखेच्या कॅलेंडरमध्ये अडकलो, बाहेरच पडता येईना.

कानानेवाचतो:
एस्केपने बंद व्हायला हवं ते. आणि तारीख टाइप करायची सोय ठेव की, माझ्या जन्मसालापर्यंत जायला "मागचा महिना" चारशेच्या वर वेळा दाबावं लागतं.