‘तीव्रता’ की ‘महत्ता’? आणि ‘ओहोटी’ चालेल का?

पाटीपेन्सिल: मंडळी, आमच्या दिवाळी अंकासाठी १७५५च्या लिस्बन भूकंपावर लिहितेय. मी रेवदंड्याची. समोरच्या कोर्लईत अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात, म्हणून हा विषय घेतला. दोन ठिकाणी अडलंय. ‘भूकंपाची तीव्रता साडेआठ ते नऊ होती’ यातली ‘तीव्रता’ खोडून संपादकांनी ‘महत्ता’ केलंय. पेपरात तर रोज ‘रिश्टर स्केलवर तीव्रता’ असतं! दुसरं म्हणजे, लाटा येण्याआधी समुद्र मागे गेला, त्याला ‘ओहोटी’ म्हणू का?

कातळसडा: ताई, संपादकांचं ऐका. महत्ता भूकंपाची (तो मुळात केवढा), तीव्रता गावाची (तिथे तो किती जाणवला). ११ डिसेंबर १९६७च्या कोयना भूकंपाची महत्ता एकच, साडेसहाच्या आसपास. पण कोयनानगरात घरं पडली आणि मुंबईत लोक घाबरून जागे झाले. म्हणजे तीव्रता दोन ठिकाणी दोन. दशावताराचा भोंगा एकाच आवाजावर लावलेला असतो, पण मांडवात कान फाटतात आणि वाडीच्या टोकाला जेमतेम ऐकू येतं, तसंच हे. तीव्रता मर्केली मापनात एक ते बारा अंशांत सांगतात.

चष्मेबद्दूर: ‘महत्ता’ म्हटलं की भूकंपाचा सत्कार चाललाय असं वाटतं. ‘परिमाण’ काय वाईट आहे?

कातळसडा: वाईट नाही, पण कशाचं परिमाण ते दर वेळी सांगावं लागेल.

पाटीपेन्सिल: पण दादा, १७५५ला भूकंपमापक कुठे होता? मग हा आकडा आला कुठून?

कातळसडा: तीव्रतेवरूनच! पोर्तुगालचा मंत्री पोंबालने (‘पोंबाल’ ही पदवी त्याला नंतर मिळाली) गावोगावच्या पाद्र्यांना प्रश्नावली धाडली. भूकंप किती वेळ चालला, नंतर किती धक्के बसले, काय पडलं, समुद्र आधी चढला की उतरला, किती वीत चढला. भूशास्त्रज्ञ अशा उत्तरांवरून एकेका गावाची तीव्रता ठरवतात, सारख्या तीव्रतेची गावं जोडून समभूकंप रेषा काढतात आणि त्यांच्या पसाऱ्यावरून, लाटांच्या उंचीवरून महत्तेचा अंदाज बांधतात. म्हणून तो ‘साडेआठ ते नऊ’ असा सैल आहे. कुठला प्रस्तरभंग (खडकांतली भेग) सरकला यावर अजून वाद आहेत. एकट्या लिस्बन शहरातही फरक बघा. नदीकाठी गाळावर वसलेला बायशा भाग उद्ध्वस्त झाला, टेकडीवरचा अल्फामा बराचसा वाचला. आपल्याकडे खाजणात भराव टाकून सात मजले चढवतात, त्यांना हे वाचून दाखवावं.

खाडीपट्टा: ‘ओहोटी’ अजिबात नको. ओहोटी तिथीप्रमाणे येते, आम्ही मालवणकडचे तिला सुकती म्हणतो. नांगरलेली होडी अवेळी वाळूवर बसली तर कोणी ओहोटी म्हणेल काय? ‘पाणी ओढलं’ म्हणतील. तेच लिहा.

कातळसडा: झकास. आणि आधी चढला की उतरला हे विचारणं फार कामाचं. समुद्रतळाचा किनाऱ्याकडचा भाग खचला तर पाणी आधी ओढलं जातं, उचलला गेला तर आधी लाट येते. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर बोका दो रियोला त्या लाटेने आत आणून टाकलेला वाळूचा थर गाळात सापडलाय.

कागदकीडा: शब्दाने फसवल्याचंही एक उदाहरण देतो. कलकत्त्याचा १७३७चा ‘भूकंप’, तीन लाख बळी, असं याद्यांतून वर्षानुवर्षं छापलं गेलं. जुने कागद नीट तपासले तेव्हा ते चक्रीवादळ निघालं. तीन लाखांचा आकडाही टिकला नाही.

पाटीपेन्सिल: बापरे. मग ‘महत्ता’ आणि ‘पाणी ओढलं’ पक्कं. लेख आपल्या किनाऱ्यापर्यंत आणायचाय, काही सुचतंय?

खाडीपट्टा: नोव्हेंबर १९४५चा मकरानचा (आताच्या पाकिस्तानच्या किनाऱ्यावरचा) भूकंप घ्या. त्याची लाट मुंबईला लागली होती, दोनेक मीटरची. तुमच्याकडच्या म्हाताऱ्या कोळ्यांना विचारा, घरात कोणी त्याबद्दल बोलायचं का. बोलायचे असतील तर शब्द जसाच्या तसा लिहून घ्या, प्रमाण मराठीत आणू नका.