'आणते' आणि 'नेते' कळतं, मग 'ब्रिंग' आणि 'टेक' का चुकतं?

सिंहगड_रोडवाला (धागाकर्ता):
मुलगी सातवीत, इंग्रजी माध्यम. परवा वहीत लाल शेरा: 'टेक युवर बॅट अँड कम' चूक, 'ब्रिंग युवर बॅट' बरोबर. खाली बाईंचा नियम: इकडे असेल तर ब्रिंग, तिकडे असेल तर टेक. मुलगी म्हणाली, "आजीला फोनवर सांगायचंय की डबा घेऊन निघाले. डबा तर तिकडे चाललाय. मग टेक?" मी विचारलं, आजीला मराठीत काय म्हणशील? "डबा आणते." झालं, तेच ब्रिंग! जिन्यात शेजारच्या काकूंना सांगताना "आजीकडे डबा नेतेय", ते टेक. पाच मिनिटांत डोक्यात बसलं. पण शाळेत मराठीचा आधार घ्यायचा नाही म्हणे. माझं मत: ही क्रियापदं मराठीतूनच शिकवावीत.

पेठेतली_शिकवणी:
अहो दादा, लेकीची चूक आली कुठून? 'बॅट घेऊन ये' मधूनच! घेऊन म्हणजे टेक, ये म्हणजे कम. माझ्या क्लासातला एक मुलगा मैत्रिणीला बाइकवरून सोडणार होता. तिला मेसेज केला, 'आय विल लीव्ह यू ॲट स्वारगेट.' बिचारी घाबरली. तिथे 'ड्रॉप' हवं. आणि आपलं ते निघताना 'येतो' म्हणणं! 'जातो' म्हणायचं नाही हे घरोघरी शिकवलेलं, म्हणून ऑनलाइन मुलाखत संपताना पोरं 'ओके सर, आय ॲम कमिंग' म्हणतात. समोरचा वाट बघत बसतो.

सिंहगड_रोडवाला:
ताई, हे शब्दाला शब्द चिकटवणं झालं. मी बोलतोय ते कोण कुठे उभं आहे त्याबद्दल.

हिंजवडी_शटल:
एवढं मनावर घेऊ नका हो. लंडनवाला जिथे टेक म्हणेल तिथे आयरिश माणूस सर्रास ब्रिंग म्हणतो. अमेरिकेतही पुष्कळ जण तसंच बोलतात. त्यांच्या वहीत कोण लाल शेरा मारतं?

पेठेतली_शिकवणी:
डब्लिनच्या माणसाला नोकरी देताना कोणी त्याचं इंग्रजी तपासत नाही. आमच्या पोरांचं तपासतात.

पर्वतीचा_आजोबा:
धागाकर्त्याशी सहमत. चार्ल्स फिलमोर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९७१ साली सांताक्रूझच्या व्याख्यानांत 'कम' आणि 'गो' यांची बारकाईने फोड केली होती. 'कम' फक्त 'इथे' साठी नसतं. ऐकणारा जिथे आहे, किंवा आपण पोचू तेव्हा जिथे असेल, तिथेही चालतं. घरी बसून आपण मित्राला "उद्या ऑफिसला येतोस का?" विचारतोच की, तसंच. स्पॅनिश माणूस मात्र हाक मारल्यावर 'बोय' म्हणतो, म्हणजे 'जातो'! त्याला इंग्रजी 'कमिंग' घोकावं लागतं. आपल्याला ते आयतं मिळालंय आणि आपण ते वर्गाबाहेर ठेवतो. (अवांतर: 'वी शिफ्टेड टु कोथरूड' वर कोणीतरी वेगळा धागा काढा. तिथे 'मूव्ह्ड' हवं, पण निम्मं पुणं शिफ्टच होतं.)

पेठेतली_शिकवणी:
बरं, आजीचा डबा उद्याच्या तासाला वापरते. चांगला आहे. पण त्या स्वारगेटवाल्याचं काय? मराठीतून कसं सुधारू?

सिंहगड_रोडवाला:
त्याला 'सोडतो' ऐवजी 'पोचवतो' म्हणायला लावा.

पेठेतली_शिकवणी:
मग तो 'आय विल रीच यू टु स्वारगेट' लिहील.