मदत हवी आहे: मिथेनॉल-ब्युटेनॉल मिश्रणाचा डायइलेक्ट्रिक, हायड्रोजन बाँड जुळतात की तुटतात?

नमस्कार मंडळी, नागपुरात एमएस्सी फिजिक्स करून राहिलोय, प्रोजेक्टमधे एका जागी अडकलोय. 25 अंशाला डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (म्हणजे पर्मिटिव्हिटी, विद्युत क्षेत्रात पदार्थ किती ध्रुवित होतो त्याचं माप) शुद्ध मिथेनॉल साधारण 32.7 आणि 1-ब्युटेनॉल 17.5 देतं, ते जुळतंय. गंमत अशी की दोघांचा एकट्या रेणूचा डायपोल मोमेंट (रेणूतल्या + आणि − टोकांच्या विलगतेचं माप) जवळपास सारखाच, 1.7 डिबायच्या आसपास, पण मिथेनॉलचा रेणू लहान म्हणून तेवढ्याच जागेत जास्त ओएच गट मावतात, आणि हायड्रोजन बाँडच्या साखळ्या करून डायपोल एका दिशेला लागतात म्हणून दोघांचाही कर्कवुड g (शेजारचे डायपोल किती एका दिशेला लागतात ते सांगणारा आकडा) एकच्या वर जातो.

आता खरी अडचण. दोन्ही समान मोल घेतले की आदर्श किंमत मोल फ्रॅक्शनने 25 येते आणि व्हॉल्यूम फ्रॅक्शनने 22च्या थोडं वर, अन माझं रीडिंग बरोबर मधे पडतं. म्हणजे एका हिशोबाने एक्सेस (मोजलेली वजा आदर्श किंमत) निगेटिव्ह, साखळ्या तुटल्या, दुसऱ्याने पॉझिटिव्ह, साखळ्या जुळल्या! मला व्हॉल्यूमवालं पटतं कारण पर्मिटिव्हिटी घनफळाशी बांधलेली आहे, पण बरेच पेपर मोलवालंच वापरतात.

दुसरं, मिश्रणाचा g काढताना घनता मोजलेलीच घ्यायची की आदर्श धरली तर चालते? आणि इथल्या पावसाळ्यात बाटली उघडली की मिथेनॉल ओलावा ओढतं, पाण्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट 78, थोडंसंही रीडिंग वर नेतं, तर मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषून घेणारे दाणे) ठेवणं पुरतं का कार्ल फिशर (पाण्याचं प्रमाण मोजणारं टायट्रेशन) करावंच लागेल? कोणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा, व्हायवात एक्सेसच्या चिन्हावर नक्की विचारतील.