खरी कॉर्नरला कॅमेरा उभा केला, कात्रीचं काय?

पेठेतला:
कोल्हापूरच्या खरी कॉर्नरला सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांसाठी कॅमेऱ्याचं स्मारक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. दामल्यांना हाताशी धरून त्यांनी या गावात स्वतः कॅमेरा बनवला, मान त्यांचाच. पण संकलकाला, म्हणजे फिल्म कापून जोडणाऱ्याला, आपण काय दिलं? अनंत माने आपल्याच कोल्हापूरचे. नाव काढलं की लोक म्हणणार, तमाशापटवाले. १९५९ चा 'सांगत्ये ऐका', पुण्याच्या विजयानंद टॉकीजला १३१ आठवडे, विषय संपला. त्याआधी प्रभात फिल्म कंपनीच्या संकलन खोलीत त्यांनी काढलेली वर्षं कुणाच्या खिजगणतीत नाहीत. माझं मत, माने दिग्दर्शक झाले ते त्या टेबलावरच.

जरा दमानं:
भावा, गावाच्या अभिमानात वाहून चाललास. स्टुडिओच्या जमान्यात संकलक म्हणजे महिन्याच्या पगारावरचा माणूस. शांतारामबापूंसारखा दिग्दर्शक डोक्यावर असताना त्याला विचारतो कोण? आणि 'सांगत्ये ऐका'तली 'बुगडी माझी सांडली गं' गाजली ती वसंत पवारांची चाल, गदिमांचे शब्द, आशाबाईंचा आवाज आणि पडद्यावर जयश्री गडकर यांच्यामुळं. कात्री मध्ये कुठनं आली?

जोडणीवाला:
हातानं फिल्म जोडलेली आहे, म्हणून बोलतो. सेकंदाला २४ फ्रेम, फुटाला १६. ढोलकीची थाप अर्ध्या सेकंदाला पडते असं धरा. म्हणजे १२ फ्रेम, नऊ इंच फिल्म. कट तीन-चार फ्रेम इकडंतिकडं झाला की पाय थापेवर पडत नाही, बघणाऱ्याला कारण कळत नाही पण काहीतरी खटकतं. जोडायचं तर कडेचा मसाला पात्यानं खरवडायचा, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचं, दाबून धरायचं. परत उकलून जोडायचं म्हटलं की एखादी फ्रेम गेलीच. त्यामुळं आधी डोक्यात कापायची सवय लागते. ही सवय लागलेला माणूस सेटवर उगाच चार बाजूंनी शॉट घेत बसत नाही.

आणि पगारी नोकर म्हणता, तर प्रभातच्या मराठी-हिंदी अशा द्विभाषी चित्रपटांचं काय? 'कुंकू' आणि 'दुनिया ना माने', १९३७. 'माणूस' आणि 'आदमी', १९३९. तोच प्रसंग मराठीत वेगळ्या लांबीचा, हिंदीत वेगळ्या. एकाचा कट दुसऱ्याला चालत नाही. ठरवलं दिग्दर्शकानं, कबूल. पण प्रत्येक सांधा त्यानं बसून जुळवला असं तुम्हाला वाटतं?

रंकाळ्यावरचा:
त्या काळची फिल्म नायट्रेटची, ठिणगी पडली की भडका. त्या खोलीत विडी ओढायची पण सोय नाही. एवढ्यासाठी तरी स्मारक पायजे राव!

जरा दमानं:
@जोडणीवाला, इंचांचा हिशोब पटला. पण माझ्या मुद्द्याला तुम्ही बगल दिलीत. संकलकाचं कसब कळतं ते त्यानं काय टाकलं यावरून. ते टाकलेले तुकडे आहेत कुठं? १९४८ च्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ जळाला, २००३ मध्ये पुण्यात नायट्रेटचे डबे जळाले. जिथं मूळ चित्रपट वाचले नाहीत तिथं काटछाट कोण जपतो! आता पडद्यावर दिसतं त्यातला निर्णय मान्यांचा की दिग्दर्शकाचा, हे कशावरनं सांगणार? 'संत तुकाराम'ला संकलक म्हणून ए. आर. शेख यांचं नाव आहे. नाव मिळालं, पण श्रेय दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनाच देतो ना आपण? शेखांचा वाटा वेगळा काढून दाखवा.

पेठेतला:
शेखांचा नाही काढता येणार. मान्यांचा येतो, कारण ते पुढं स्वतः दिग्दर्शक झाले. 'सांगत्ये ऐका' आणि १९६५ चा 'केला इशारा जाता जाता' लागोपाठ बघा. लावणीत कॅमेरा फार हलवायची गरज त्यांना पडत नाही. बाई, ढोलकीवाला, फडातली तोंडं, परत बाई. गंमत सगळी कधी वळायचं यात आहे. ही संकलकाची नजर नाही तर काय? शांतारामबापूंनी 'पिंजरा'साठी कथा घेतली तीही मान्यांचीच, हे जाता जाता.

जरा दमानं:
कथेचा आणि कात्रीचा संबंध नको जोडू. बघतो दोन्ही, पण लावण्या सोडून. लावणीत कटाला ढोलकी सांभाळून घेते. नुसती दोन माणसं बोलत बसलीत असा प्रसंग काढ, तिथं मला माने संकलक दिसले तर त्यांच्या स्मारकाच्या वर्गणीची पहिली पावती माझ्या नावानं फाड.