नॅसकारने पुन्हा शोरूममधल्या खऱ्या गाड्या पळवाव्यात का?

चाकणचा_पत्रा
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून इथे टाकतोय. मी चाकणला बॉडी शॉपला आहे, दिवसभर डोळ्यासमोर पत्र्यातून गाडी उभी राहते, स्पॉट वेल्ड पडतात, दरवाज्याची गॅप गेज लावून तपासली जाते, आणि रविवारी रात्री जागून मी नॅसकार, म्हणजे अमेरिकेतली स्टॉक कार रेस, बघतो. दरवेळी एकच खटकतं. ट्रॅकवरच्या टोयोटा कॅमरीत कॅमरीचं काही म्हणजे काही नाहीये. शोरूममधली कॅमरी पुढच्या चाकांवर चालते, चार सिलिंडर, आता तर हायब्रिड. ट्रॅकवरची ५.८६ लिटरची पुशरॉड व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरची, मागची चाकं फिरवणारी, पाइपची चेसिस, वरून कंपोझिट बॉडी, आणि हेडलाइट म्हणजे चिकटवलेले स्टिकर. २०२२ ला नेक्स्ट जेन ही रेसची नवी गाडी आली तेव्हापासून चेसिस, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळ्यांना ठरलेल्या सप्लायरकडूनच घ्यावं लागतं. मग इंजिन सोडलं तर फोर्ड, शेवरोले, टोयोटा यांच्यात स्पर्धा उरते कशाची? शेवरोलेची कॅमारो तर कंपनीने बनवणं बंद केलं तरी रेसमध्ये पळतच होती.

सुरुवात अशी नव्हती ना. १९५१ ते ५४ हडसन हॉर्नेटने सगळ्यांना धुतलं ते कशाच्या जोरावर, तर फ्लोअर फ्रेमच्या आत खाली बसवला होता, गाडीचं वजन जमिनीजवळ, त्यामुळे सहा सिलिंडरचं जुन्या पद्धतीचं इंजिन असूनही व्ही-एटवाल्यांना वळणावर मागे टाकायची. ज्या इंजिनिअरने तो फ्लोअर काढला त्याचं काम लोकांना ट्रॅकवर दिसत होतं. मला ते परत हवंय. तुम्हाला काय वाटतं?

नानापेठ_स्पेअर्स
भावना पोचली दादा, पण त्या काळाबद्दल जरा जास्तच गोड समज आहे आपला. नॅसकारच्या स्ट्रिक्टली स्टॉक, म्हणजे शोरूमची गाडी जशीच्या तशी, या क्लासची पहिलीच रेस १९ जून १९४९, शार्लट. पहिला आला ग्लेन डनअवे, फोर्ड घेऊन. रेसनंतर तपासणीत मागच्या स्प्रिंगा मॉडिफाय केलेल्या सापडल्या, चोरटी दारू वाहणारे पोलिसांपासून पळायला करायचे तसला प्रकार. डिस्क्वालिफाय, आणि लिंकन गाडीवाला जिम रोपर विजेता. गाडीमालक कोर्टात गेला आणि हरला. म्हणजे पहिल्याच दिवशी पहिल्या नंबरची गाडी शोरूमची नव्हती.

आणि तुमच्या हॉर्नेटचंच घ्या. हडसनने 'सिव्हिअर यूसेज' नावाखाली जाड पार्ट विकायला ठेवले होते, कागदावर कोणीही गिऱ्हाईक घेऊ शकतं पण खरे गेले रेसवाल्यांकडे. साधा हब, साधी चाकं ओव्हलवर, म्हणजे अंडाकृती ट्रॅकवर, टिकायची नाहीत, उजव्या बाजूवर सतत लोड असतो. त्यात वाईट वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे एवढं जिंकूनही हडसनच्या गाड्या खपल्या नाहीत, १९५४ ला कंपनी नॅशमध्ये विलीन झाली आणि एएमसी झाली. 'रविवारी जिंका, सोमवारी विका' सगळे म्हणतात, हडसनला त्याने वाचवलं नाही.

१९६९-७० चं पण बघा. शोरूममधून विकली तरच रेसमध्ये चालेल असा नियम, तेव्हा कमीत कमी ५०० गाड्या. डॉजने चार्जर डेटोना काढली, पुढे टोकदार नाक आणि मागे जवळपास दोन फूट उंच विंग. प्लिमथने सुपरबर्ड काढली, दोन हजारांच्या आसपास. ती गाडी डीलरच्या अंगणात इतकी पडून राहिली की काहींनी नाक-विंग काढून तिचं मूळ मॉडेल, साधी रोड रनर, करून विकली. आज त्याच गाड्यांसाठी लोक वाट्टेल ती किंमत देतात हे वेगळं. सांगायचं इतकंच की नियम गाडी शोरूमची हवी म्हणाला, तेव्हा कंपन्यांनी रेसची गाडी शोरूममध्ये आणून ठेवली.

क्रॅशटेस्ट_हिंजवडी
मी क्रॅश सिम्युलेशनमध्ये काम करतो, त्यामुळे मला हे वाचून पोटात गोळा येतो. रोडवरच्या गाडीची ऑफसेट टेस्ट, म्हणजे पुढचा एका बाजूचाच भाग आदळवायची, ६४ किमीला होते. टॅलाडेगाच्या ट्रॅकला वळणावर ३३ अंशाचं बँकिंग (तिरका उतार) आहे आणि स्पीड ३०० किमीच्या आसपास. एनर्जी स्पीडच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास २२ पट. भिंतीला गाडी सरळ क्वचितच आदळते, तिरकी घासते, त्यामुळे सगळी एनर्जी त्यात जात नाही हे मान्य, पण मग शेजारची गाडी दरवाज्यात घुसते त्याचं काय? ए पिलर (पुढच्या काचेशेजारचा खांब) आणि दरवाज्यातला तो एक बीम, बास? १९६४ ला शार्लटला ड्रायव्हर फायरबॉल रॉबर्ट्सची गाडी पेटली, तो पुढे पाच-सहा आठवड्यांत गेला, त्यानंतर पेट्रोलच्या टाकीत रबरी पिशवी असलेला फ्युएल सेल आला. २००१ ला डेटोनाला ड्रायव्हर डेल अर्नहार्ट गेला, कवटीच्या तळाचं फ्रॅक्चर, मग डोकं-मान धरून ठेवणारं हॅन्स डिव्हाइस कंपल्सरी, भिंतींना स्टील-फोमचे सेफर बॅरिअर, आणि २००७ च्या गाडीत ड्रायव्हरची सीट मध्यभागाकडे सरकवली. २०२० ला रायन न्यूमनची उलटी झालेली गाडी डेटोनाला दुसऱ्याने छताजवळ ठोकली, तो दोन दिवसांत मुलींचा हात धरून चालत हॉस्पिटलबाहेर आला. शोरूमच्या गाडीत हे झालं नसतं.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. पाइपची चेसिस म्हणजे आपोआप सेफ असंही नाही. २०२२ ची नेक्स्ट जेन मागून इतकी कडक होती की मागचा भाग भिंतीला लागला की सगळा झटका ड्रायव्हरला. कर्ट बुश पोकोनोला क्वालिफाइंगमध्ये आदळला आणि त्याचं फुलटाइम करिअर तिथेच थांबलं, अ‍ॅलेक्स बोमनलाही त्याच वर्षी कन्कशन (मेंदूला हादरा) झालं. २०२३ साठी चेसिसचा मागचा भाग, मागची क्लिप, बदलावी लागली. पत्रा ठराविक जागी चुरगळायला हवा हे रोडकारवाल्यांना केव्हापासून माहितीये.

पिकअप_प्रेमी
पळवणार काय पण? फोर्डने २०१८ लाच सांगितलं की अमेरिकेत सेडान बंद, मस्टँग ठेवणार. तिकडे खपतात पिकअप आणि एसयूव्ही.

भोसरी_वेल्ड
सगळे फक्त दोन टोकं धरून बसलेत. मधला रस्ता रोज पळतोय की. टीसीआर हा शोरूमच्या गाड्यांवरून बनलेल्या रेसगाड्यांचा क्लास बघा, २०१५ पासून आहे. कारखान्यातली खरी चार-पाच दरवाज्यांची बॉडी, दोन लिटर टर्बो, पुढच्या चाकांवर, सिव्हिक, एलान्ट्रा, ऑडी आरएस३. आणि अमेरिकेत इम्सा या संस्थेच्या रेसमध्ये ह्याच गाड्या डेटोनाला पळतात, रोड कोर्सवर (डावी-उजवी वळणं असलेला ट्रॅक), ज्यात ओव्हलचं बँकिंग येतंच. आपल्याकडे पोलो कप २०१० ला सुरू झाला तो चाकणला बनणाऱ्या पोलोवरच, डिझेल इंजिन घेऊन.

मी केज, म्हणजे गाडीच्या आतला पाइपचा पिंजरा, बनवतो म्हणून सांगतो, खऱ्या बॉडीत केज घालणं म्हणजे काय असतं. आधी पूर्ण आतलं उपसायचं, मग फ्लोअरवरची डांबरी शीट हीट गनने तापवून खरवडायची, दोन माणसांचा दिवस त्यात जातो आणि हातभर काळं होतं. मग सीमलेस पाइप, टोकाला माशाच्या तोंडासारखा कट, इतका बसला पाहिजे की मधून उजेड दिसता कामा नये, तरच टिग वेल्ड धरतो. पाइप फ्लोअरच्या पातळ पत्र्याला डायरेक्ट कधीच नाही जोडायचा, खाली प्लेट, नाहीतर धडकेत पाइप पत्रा फाडून खाली जातो. सिलच्या (दरवाज्याखालचा भाग) आणि स्ट्रट टॉवरच्या (सस्पेन्शन जिथे वर बसतं) शिवणी पुन्हा वेल्ड करायच्या कारण स्पॉट वेल्ड हळूहळू सुटतात. हे नीट झालं की बॉडी कमालीची मजबूत होते. क्रॅशटेस्ट दादा बरोबर बोलतायत, ३०० ला नाही, पण १५० ला शंभर टक्के.

चाकणचा_पत्रा
१५० वरून सुचलं. मार्टिन्सव्हिल जेमतेम ०.५२६ मैलांचा आहे, क्वालिफाइंग लॅपची सरासरी १५० किमीच्या आसपासच. वॉटकिन्स ग्लेन, सोनोमासारखे रोड कोर्स आहेत. डेटोना-टॅलाडेगा पाइप चेसिसलाच राहू द्या, त्यावर माझा हट्ट नाही आता. पण छोट्या ओव्हलवर आणि रोड कोर्सवर वेगळा क्लास, कारखान्याची बॉडी, कारखान्याचा इंजिन ब्लॉक, वर्षाला अमुक इतक्या विकलेल्या गाड्याच चालतील. पुढच्या चाकांवरची आली तर येऊ दे, मस्टँग विरुद्ध खरी कॅमरी बघायला मी रात्रभर जागेन.

क्रॅशटेस्ट_हिंजवडी
ह्याला माझा विरोध नाही. अट एकच, फ्युएल सेल, केज आणि सीट यात कंपनीला काही सूट नाही.

भोसरी_वेल्ड
आणि ब्रेक पण मोकळे सोडा. मार्टिन्सव्हिलला ५०० लॅप, प्रत्येक लॅपला दोनदा जोरात ब्रेक, पुढच्या चाकांवरच्या गाडीत सगळा मार पुढच्या डिस्कवर. शोरूमचे कॅलिपर ५० लॅपमध्ये तापून फेड होतील, धरणार नाहीत. डक्ट, डिस्क, पॅड बाहेरचे चालू द्या, बॉडी आणि इंजिन धरून ठेवा. मला ड्रॉइंग काढायला सांगितलं तर आज रात्री बसतो.