दहा टक्क्यांचा नियम: उरलेली ९०% ऊर्जा जाते कुठे?

ओवी_म

नमस्कार. परिसंस्थेच्या धड्यातच अडकले आहे. पुस्तकात दिलंय की एका पोषण पातळीवरून पुढच्या पातळीवर साधारण १०% ऊर्जाच पोहोचते. गवतात १०,००० ज्यूल असतील तर नाकतोड्यात १,०००, बेडकात १००, सापात १०. मग उरलेली ९०% जाते कुठे? ऊर्जा नष्ट होत नाही, हे तर भौतिकशास्त्रात शिकलोय. आणि पुढच्याच पानावर लिहिलंय की विघटक मेलेले जीव कुजवून सगळं मातीला परत देतात. सगळं परत मिळत असेल तर गवताला रोज नव्याने सूर्य कशाला लागतो? मैत्रिणी म्हणतात पाठ करून टाक. पण मला खरंच समजून घ्यायचंय.

निनाद_के

श्वसनात जाते. सजीव जगण्यासाठी अन्न जाळतात, त्यातून उष्णता बाहेर पडते. उष्णतेपासून गवताला साखर बनवता येत नाही, त्याला प्रकाशच लागतो. परीक्षेला एवढं पुरे.

वर्षाताई

निनाद, बरोबर आहे, पण ती सगळी ९०% काही श्वसनात जात नाही. आणि ओवीने विघटकांबद्दल जे विचारलंय त्यात तर या विषयाचा गाभा आहे. मी बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवतेय. हा प्रश्न कुणी विचारला की ठरवलेला धडा बाजूला ठेवून मी त्यावरच बोलते.

ओवी, पोषण पातळ्यांचा तो वर निमुळता होत जाणारा मनोरा जरा बाजूला ठेव आणि पानावरच्या एकाच अळीकडे बघत बस. पानाच्या कडेने ती वरून खाली कुरतडत येते, डोकं उचलून पुन्हा वर जाते, पुन्हा खाली येते. खालच्या पानांवर गडद रंगाच्या लेंड्या पडलेल्या असतात. त्यातली एक पाण्यात भिजवून सुईने उकल आणि भिंगातून बघ. पानाचे बारीक तुकडे ओळखू येतात. म्हणजे पोटात गेलेलं सगळं अंगी लागलेलं नाही. याचा एक प्रातिनिधिक हिशोब असा: अळीने २०० ज्यूलचं पान खाल्लं, तर त्यातले सुमारे १०० ज्यूल विष्ठेतून बाहेर पडतात, ६७ श्वसनात खर्च होतात आणि ३३ तिच्या वाढीला लागतात. अळी पक्ष्याने टिपली तर त्याच्या वाट्याला येतात ते हे ३३. पक्ष्याचं तर याहून कठीण. शरीर ऊबदार ठेवण्यातच त्याची बरीचशी ऊर्जा खर्ची पडते. पक्षी आणि सस्तन प्राणी पचवलेल्या ऊर्जेतली जेमतेम १ ते ३% वाढीला लावू शकतात.

शिवाय झाडावरची पुष्कळशी पानं कुणी खातच नाही, ती पिकून गळतात. तेव्हा तुझ्या ९०% चे तीन भाग पाड: जे खाल्लंच गेलं नाही, जे खाल्लं पण पचलं नाही, आणि जे पचलं पण श्वसनात जळलं. तिसरा भाग लगेच उष्णता होऊन गेला. पहिले दोन विघटकांकडे जातात.

आता विघटक. बुरशी आणि जिवाणू मातीवर उपकार म्हणून पाला कुजवत नाहीत, ते त्यांचं जेवण आहे. तेही श्वसन करतात. पाल्याच्या ताज्या, मोठ्या ढिगात आठवड्याभराने हात घालून बघ, आतून चांगलाच गरम लागतो. पानांनी साठवलेला सूर्यप्रकाश तिथे उष्णता होऊन बाहेर पडतो आहे. कुजणं संपतं तेव्हा मागे राहतात नायट्रेट, फॉस्फेट आणि इतर क्षार, कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. गवताला परत मिळतं ते हे, म्हणजे अणू. त्यांच्या बंधांतली ऊर्जा वाटेतच खर्च झालेली असते. नायट्रोजनचा तोच अणू गवतात पुन्हा पुन्हा येऊ शकतो. उष्णता मात्र हवेत मिसळते आणि शेवटी अवरक्त किरणांच्या रूपाने अवकाशात निघून जाते. म्हणून सूर्य रोज लागतो.

पुस्तकांवर माझा राग एवढ्याचसाठी आहे की ऊर्जा आणि पोषकद्रव्यं दोन्हींसाठी एकाच रंगाचे बाण काढतात. तू दोन रंग वापर. पोषकद्रव्यांचा बाण फिरून गवताकडे येऊ दे. ऊर्जेचा बाण सूर्यापासून निघेल आणि प्रत्येक जिवापाशी त्याला उष्णतेचा एक फाटा फुटेल, विघटकांपाशीसुद्धा.

आणि १०% ला नियम म्हणतात म्हणून तो अगदी काटेकोर समजू नकोस. ही मांडणी रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकन संशोधकाची. मिनेसोटातल्या सीडार बॉग नावाच्या छोट्या तळ्याचा त्याने जिवांगणिक हिशोब मांडला. तिथे शाकाहारी पातळीची कार्यक्षमता, म्हणजे खालच्या पातळीतली किती ऊर्जा तिच्यापर्यंत पोहोचते ते प्रमाण, १३.३% निघाली आणि त्यावरच्या मांसाहारी पातळीची २२.३%. हा निबंध १९४२ मध्ये छापून आला, त्याच्या काही महिने आधीच लिंडमन वारला होता. तिशीही गाठली नव्हती त्याने. मला हे दर वर्षी वर्गात सांगावंसं वाटतं आणि मी सांगते.

निनाद_के

ताई, मग समुद्रातला उलटा मनोरा कसा बसवायचा? इंग्लिश खाडीचं उदाहरण आहे: एका चौरस मीटरखाली वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) ४ ग्रॅम आणि त्यांवर जगणारे प्राणी २१ ग्रॅम. खाणारे जास्त, अन्न कमी?

वर्षाताई

तो वजनाचा मनोरा आहे, ऊर्जेचा नाही. वजन म्हणजे एका क्षणी तिथे किती माल आहे. ऊर्जा मोजायची ती वर्षभरात किती तयार झाली अशी. वनस्पतिप्लवक एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकतात आणि जवळजवळ तितक्याच वेगाने खाल्ले जातात, म्हणून कधीही मोजलं तरी थोडेच सापडतात. खाणारे जास्त दिवस जगतात, त्यामुळे त्यांचं वजन साठत जातं. ऊर्जेचा मनोरा मात्र कधीच उलटा होत नाही.

ओवी_म

ताई, लेंडीचं नक्की करून बघणार आहे. आता एकच. पोषकद्रव्यं फिरतात हे कळलं, पण ती तिथल्या तिथेच फिरतात हे कशावरून? पावसाने वाहून नाही जात?

वर्षाताई

जातात ना. किती जातात ते तिथली झाडं ठरवतात, आणि हे प्रत्यक्ष मोजलेलं आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुक जंगलात बोरमन, लायकेन्स या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छोटी छोटी पाणलोट क्षेत्रं निवडली. प्रत्येकाचा ओढा खाली एका बांधावरून जाईल अशी सोय केली, म्हणजे बाहेर पडणारं पाणी मोजता येतं आणि त्यात काय विरघळलंय तेही तपासता येतं. १९६५ च्या हिवाळ्यात एका पाणलोटातली सगळी झाडं तोडली आणि जागीच पडू दिली. पुढची तीन वर्षं तणनाशक फवारून तिथे काही उगवू दिलं नाही. शेजारचं पाणलोट क्षेत्र तुलनेसाठी तसंच ठेवलं.

विघटकांचं काम चालूच होतं, पण नायट्रेट उचलायला मुळं नव्हती. तोडलेल्या भागातून ३० ते ४०% जास्त पाणी वाहिलं आणि ओढ्यातलं नायट्रेट ६० पटीपर्यंत वाढलं. शेजारच्या उभ्या जंगलातून मात्र नायट्रोजन फारसा गळत नव्हता. तेव्हा चक्राच्या आकृतीत विघटकांइतक्याच ठळकपणे मुळं काढ, बहुतेक आकृत्यांत ती गाळलेली असतात. आणि ओढ्याकडे जाणारा एक बारीक बाणही दाखव.